पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण, पुणे



जून-जुलैमध्ये शहरभर वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. शाळा, कंपन्या, गणेश मंडळे, गृहनिर्माण संस्था, राजकीय पक्ष असे सगळे त्यात असतात आणि त्या दिवशी खड्डे अपुरे पडावेत इतकी माणसे जमतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस ओसरला की त्याच रोपांकडे फारसे कुणी फिरकत नाही. पुण्यात वर्षभराच्या पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने जमीन कोरडी होत जाते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. जुलैत लावलेले रोप जगते की जाते, हे या आठ महिन्यांत ठरते. म्हणूनच हे पत्र पावसाळा सरताना लिहीत आहे. झाडांसाठी श्रम द्यायला तयार असलेली माणसे या शहरात भरपूर आहेत, पण आपण त्यांना नको त्या महिन्यात, नको त्या कामाला बोलावतो. महापालिकेने लागवडीसाठी स्वयंसेवक गोळा करणे कमी करावे आणि संगोपनासाठी प्रशिक्षित स्वयंसेवकांची फळी उभी करावी. त्यांचे अधिकार काय आणि मर्यादा कोणत्या, हे दोन्ही कागदावर यावे, असे माझे म्हणणे आहे.

लागवडीच्या मागे धावण्याचा अनुभव राज्याने मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट शासनाने ठेवले होते. पुढे २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची घोषणा झाली. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा इथला मुद्दा नाही. मोजमाप लागवडीच्या दिवशीच थांबले की जगलेल्या झाडांचा आकडा कायम वादात राहतो, एवढे त्यातून घ्यावे. २०२१ सालीच आपल्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले आणि त्या झाडांची सात वर्षे काळजी घेण्याची अट आली. कायद्याने संगोपनाचा काळ सात वर्षांचा धरला. आपले कार्यक्रम मात्र अजून एका सकाळचे आहेत.

रस्त्याकडेच्या एका रोपाला पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत आठवड्याला साधारण वीस लिटर पाणी द्यावे लागते, असे धरू. कोरड्या काळाचे तीस आठवडे मोजले तर एका रोपामागे सहाशे लिटर होतात. एखाद्या प्रभागात अशी हजार रोपे असतील तर सहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या साठ खेपा. शहराच्या पाणीवापरापुढे हे पाणी काहीच नाही, आणि ते पिण्याचे असण्याचीही गरज नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतले प्रक्रिया केलेले पाणी त्याला चालते. अडचण प्रमाणाची नसून वारंवारतेची आहे. वीस लिटर पाणी त्याच जागी, दर आठवड्याला, न चुकता पोचावे लागते. टँकरने हजार ठिकाणी थांबायचे, उभ्या गाड्यांमधून पाइप ओढायचा, प्रत्येक आळे भरेपर्यंत वाट पाहायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करायचे, हे कोणत्याही खात्याच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. खाते कामचुकार असते असे मी म्हणत नाही. कामाचे स्वरूपच असे आहे की ते मध्यवर्ती यंत्रणेच्या हातून नीट होऊ शकत नाही. दारासमोरच्या रोपाला दोन बादल्या पाणी घालणाऱ्याला मात्र त्यासाठी टँकर, निविदा, चालक यांतले काहीच लागत नाही.

पाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे नजर. लोखंडी जाळी बुंध्यात रुतू लागली आहे, फलक बांधलेली तार सालीत शिरली आहे, बांधकामावरचा माणूस सिमेंटचे पाणी आळ्यात ओततो आहे, केबलसाठी चर खणताना मुळे तोडली जात आहेत, फांदीला वाळवी लागली आहे: या गोष्टी रोज तिथून जाणाऱ्यालाच वेळेवर दिसतात. उद्यान निरीक्षकाची फेरी होईपर्यंत चर बुजवलेला असतो आणि त्यावर डांबरही पडलेले असते. झाड मात्र दोन-तीन वर्षांनी एखाद्या वादळी संध्याकाळी आडवे होते आणि आपण वाऱ्याला दोष देतो. शहराच्या झाडांना दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. तज्ज्ञता, यंत्रे, कायद्याचा अधिकार आणि पगारी मनुष्यबळ खात्याकडे आहे. जवळीक आणि सातत्य रहिवाशाकडे आहे. दोघांतली कामाची वाटणी या रेषेवर व्हायला हवी. आज ती तशी नाही. खाते आठवड्याच्या पाण्याच्या मागे धावते आणि नागरिक खड्डे खणण्याच्या कार्यक्रमांत रमतात.

हे नुसते तर्काने सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९९ ते २००३ या काळात रस्त्याकडेला लावलेल्या झाडांपैकी १३,४०५ झाडांची पुढे काही वर्षांनी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सुमारे ७४ टक्के झाडे जिवंत होती. आळ्यात कुणी फुलझाडे लावली आहेत, आच्छादन घातले आहे, अशा माणसांच्या लक्षाच्या खुणा जिथे दिसल्या, तिथे झाडे जगण्याचे प्रमाण अधिक होते. निरोगी झाडाकडेच लोकांचे लक्ष जाते, असा उलटा अर्थ कुणी लावू शकेल आणि तो पूर्ण चुकीचा ठरवता येणार नाही. पण पहिल्या दोन वर्षांत पाणी न मिळालेले झाड लक्ष वेधण्याइतके वाढतच नाही, हेही तितकेच खरे. त्याच शहराने २०१५ मध्ये रस्त्यांवरची झाडे मोजली तेव्हा महापालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबर २,२०० हून अधिक स्वयंसेवक होते आणि सुमारे ६ लाख ६६ हजार झाडांची नोंद झाली. आपल्या कायद्यानेही दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितलेली आहे. ती रहिवाशांच्या मदतीने झाली तर गल्लीतले प्रत्येक झाड त्या गल्लीच्या ओळखीचे होईल, हा गणनेचा आकड्यापेक्षा मोठा लाभ आहे.

पुण्याला यासाठी परदेशाकडेच पाहण्याची गरज आहे असेही नाही. ‘अंघोळीची गोळी’ या संस्थेच्या तरुणांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली आणि जाहिरातींसाठी बुंध्यांत ठोकलेले खिळे हातांनी उपसून काढले. ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने वाळलेला पाचोळा जाळण्याऐवजी तो ज्यांना हवा आहे त्यांच्यापर्यंत पोचवण्याची वाट २०१६ पासून घालून दिली. टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणारी माणसे बाटलीतून पाणी नेऊन रोपांना घालतात, हे दृश्य पुणेकरांना नवे नाही. या साऱ्यात एक समान गोष्ट आहे: हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि ते नागरिकांनी मनापासून केले आहे. म्हणजे इच्छा आहे, चिकाटीही आहे. या माणसांना ओळखणारी, शिकवणारी आणि त्यांच्या तक्रारीवर हलणारी व्यवस्था उभी करायची आहे.

स्वयंसेवकाने नेमके काय करायचे? सर्वांत आधी आळे. झाडाचे अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. पदपथ करताना पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट बुंध्याला भिडवले की पाणी वाहून जाते, मुळे गुदमरतात, आणि झाड वर्षानुवर्षे हळूहळू खंगत जाते. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मुंबई महापालिकेनेही २०२२ साली ‘संजीवनी’ नावाने झाडांभोवतीचे काँक्रीट आणि बुंध्यांवरचे खिळे काढण्याची मोहीम घेतली. पुण्यात काँक्रीट फोडणे हे खात्याचेच काम राहील. पण मोकळी झालेली ती मीटरभर माती भुसभुशीत ठेवणे, तिच्यात पुन्हा राडारोडा पडू न देणे, पाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन घालणे आणि ते बुंध्याला चिकटू न देणे, ही कामे शेजारचा माणूस खुरपे आणि घमेले घेऊन करू शकतो. पाचोळा जाळण्याला घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी मनाई केली आहे, तरी हिवाळ्याच्या सकाळी रस्तोरस्ती त्याचा धूर निघतो. त्याच रस्त्यावरची आळी तेव्हा उघडी असतात. झाडाने टाकलेले त्याच्याच मुळांवर परत घालणे, इतके सोपे आणि इतके मोलाचे काम दुसरे नसेल. महापालिकेच्या उद्यानांनाही हेच लागू आहे. तिथे हिरवळीची कापणी आणि कारंजी कंत्राटात येतात, पाचोळ्याचे खत मात्र कोपऱ्यात खड्डा आणि रोज पाहणारे कुणी असेल तरच होते.

काय करायचे नाही, हेही तितक्याच ठळकपणे लिहून द्यावे लागेल. स्वयंसेवकाने करवत उचलायची नाही. आपल्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही ‘तोडणे’ या व्याख्येत येते, आणि उत्साहाने केलेली वेडीवाकडी छाटणी ही इजाच असते. एका बाजूच्या फांद्या छाटलेले झाड कलते, चिंध्या झालेल्या जखमेतून बुरशी आत शिरते. न्यूयॉर्कमध्ये नागरिकांना छाटणी करता येते, पण प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, उद्यान खात्याचा परवाना मिळाल्यावर; तीही हातच्या अवजारांनी, जमिनीवर उभे राहून, शिडी न लावता. आपल्याकडे पहिली काही वर्षे तेवढेही नको. दुसरी मनाई मनमानी लागवडीची. विजेच्या तारेखाली पिंपळ, इमारतीच्या पायाशी वड, चार फुटी पदपथावर पर्जन्यवृक्ष, ही लावणाऱ्याची हौस पुढे झाडाच्याच जिवावर उठते. टेकड्यांबाबत तर जास्त सावध राहिले पाहिजे. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प लावले गेले. त्याखाली स्थानिक गवत आणि झुडपे फारशी वाढत नाहीत. या टेकड्यांचा मोठा भाग मुळात गवताळ आहे. गवतावर जगणारे पक्षी, फुलपाखरे आणि पावसाळ्यातली रानफुले यांना तिथे दाट झाडी नको असते. दिसेल त्या उघड्या जागी खड्डा खणणे म्हणजे सेवा, ही समजूत स्वयंसेवकाच्या मनातून पहिल्याच वर्गात काढावी लागेल. कोणते झाड कुठे शोभते यासाठी श्री. द. महाजन यांच्यासारख्या अभ्यासकांनी देशी वृक्षांवर मराठीत लिहून ठेवलेले आहे. बहावा, ताम्हण, करंज, वारस, सप्तपर्णी ओळखायला शिकवणारी माणसेही या शहरात आहेत. प्रशिक्षणासाठी लांब जायला नको.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप रास्त आहे: आम्ही मिळकतकर भरतो, कायद्याने वृक्ष उपकराचीही सोय केली आहे, मग महापालिकेचे काम नागरिकांनी फुकट का करायचे? उद्या माळ्यांची पदे कमी करण्यासाठी हीच सबब पुढे येईल. ही भीती मला खरी वाटते. म्हणून योजनेच्या पहिल्याच कलमात असे असावे, की स्वयंसेवकांच्या संख्येकडे बोट दाखवून उद्यान विभागाची पदे किंवा तरतूद कमी करता येणार नाही. उलट स्वयंसेवक आले की खात्याचे काम वाढणार आहे, कारण आज कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या शंभर गोष्टींची नोंद होईल आणि त्यावर कार्यवाही करावी लागेल. कर भरणारा रहिवासी आपल्या दारातल्या झाडाला पाणी घालतो तेव्हा तो महापालिकेचे ओझे वाहत नसतो. ज्या सावलीत तो उभा राहतो तिच्यावर आणि ती सांभाळणाऱ्या खात्यावर आपला हक्क तो सांगत असतो. करापोटी मिळायच्या गोष्टी, म्हणजे छाटणी, रोगावर उपचार, धोकादायक झाडाचा निर्णय, काँक्रीट काढणे, त्याने ठामपणे मागाव्यातच.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मुंबईने शिकवला आहे. मोकळ्या जागा आणि उद्याने देखभालीसाठी खासगी संस्थांना देण्याच्या धोरणांतून तिथे काही जागा लोकांच्या हातून निसटल्या, कुठे क्लब उभे राहिले, कुठे कुलपे लागली. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने दत्तक धोरण मंजूर केले तेव्हा नागरिकांनी इतका विरोध केला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली आणि दिलेल्या जागा परत घेण्याची पाळी आली. ‘दत्तक’ देणे आणि ‘संगोपन’ सोपवणे यांतला फरक तिथे पुसला गेला होता. मी मागतो आहे ती योजना जागा कुणालाही देत नाही. कुंपण नाही, कुलूप नाही, प्रवेशशुल्क नाही, बांधकाम नाही, प्रायोजकाचा फलक नाही. स्वयंसेवकाला मिळते ते केवळ काम, आणि त्या कामाबाबत खात्याशी बोलण्याचा मान. नोंदणी व्यक्तीच्या नावे व्हावी, ती एका वर्षाने आपोआप संपावी आणि नव्याने मागावी लागावी. कोणत्याही संस्थेला, कंपनीला वा पक्षाला आख्खे उद्यान वा रस्ता या योजनेखाली मिळू नये. उद्यानाच्या एका वाफ्यावरही कुणाचा ताबा असता कामा नये.

तिसरी अडचण अशी, की अशा योजना कोथरूड-औंधमध्ये फुलतात आणि वस्त्यांपर्यंत पोचत नाहीत. जिथे आधीच झाडे आहेत तिथेच स्वयंसेवकही मिळतात. हे खरे आहे आणि त्यावर स्वयंसेवा हे उत्तर नाही. ज्या घरात पिण्याचे पाणी नळाला तासभर येते आणि ते भरून ठेवण्याचे काम बाईच्या माथी असते, त्या घराकडे झाडासाठी दोन बादल्या मागणे अन्यायाचे आहे. अशा भागांत पाणी, जाळी, माती, माळी हे सगळे महापालिकेनेच द्यावे. सधन प्रभागांत स्वयंसेवकांमुळे पाण्याच्या खेपा वाचतील, त्या खेपा आणि ते हात या भागांकडे वळवावेत. ही वळवणूक अर्थसंकल्पात आकड्यांनी दिसली पाहिजे, तरच या योजनेला न्याय्य म्हणता येईल.

उत्साह टिकत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण टिकत नाही तो बहुधा निरर्थकतेमुळे. माणूस तीन वेळा कळवतो की जाळी बुंध्यात रुतली आहे, उत्तर येत नाही, चौथ्यांदा तो कळवत नाही. म्हणून तक्रारीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळणे हाच स्वयंसेवा टिकवण्याचा मोठा उपाय आहे. प्रमाणपत्रे आणि सत्कार त्यापुढे दुय्यम. शिवाय एका रोपाची जबाबदारी एकाच माणसावर नसावी, दोघांवर असावी. कामाला मुदत असावी: ऑक्टोबर ते मे, तीन वर्षे. तीन वर्षांनी स्थिरावलेल्या झाडाला दर आठवड्याच्या पाण्याची गरज सहसा उरत नाही, आणि आपले काम कधी संपणार हे ठाऊक असलेला माणूस ते पुरे करतो. निवृत्त माणसांवर सगळा भार टाकू नये. पदपथावरचा फुलवाला, रिक्षाथांब्यावरचे चालक, सोसायटीचा राखणदार हे दिवसभर त्याच जागी असतात. त्यांना वगळून झाडाची राखण होणार नाही.

आयुक्त महोदय, यासाठी नवा कायदा लागत नाही. वृक्ष प्राधिकरण आपल्या अध्यक्षतेखाली आहे, गणनेचे आणि संगोपनाचे अधिकार त्याच्याकडे आहेत. येत्या ऑक्टोबरपासून निवडक दोन-तीन क्षेत्रीय कार्यालयांत सुरुवात करावी. त्यांतले एक तरी वस्त्यांचे प्रमाण जास्त असलेले असावे. यंदाच्या पावसाळ्यात तिथे लावलेल्या प्रत्येक रोपाची जागानिहाय यादी जाहीर करावी, नोंदणी केलेल्या रहिवाशांना उद्यान निरीक्षकांकडून चार सत्रांचे प्रशिक्षण द्यावे, प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या टाक्या प्रभागात ठरलेल्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि पुढच्या जूनमध्ये एकही नवा खड्डा खणण्यापूर्वी त्या यादीतली किती रोपे जिवंत आहेत हे रस्त्याच्या नावासह प्रसिद्ध करावे. तो आकडा कमी आला तरी लपवू नये. पुढच्या वर्षीच्या लागवडीचे उद्दिष्ट त्याच आकड्यावरून ठरवावे, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एक नागरिक